ऊन सगळ्यांना सारखं लागत नाही

(युवा कार्यकर्त्यांच्या उन्हाळी शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला होता 'उन्हाळा आणि आरोग्य'. तो मी थोडा बदलून घेतला आहे. या विषयावरचं भाषण बहुतेक वेळा टरबूज खा, सुती कपडे घाला, दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका, एवढं सांगून संपतं. हा सल्ला चुकीचा नाही. पण ज्याला दुपारी घरात बसता येतं, त्याच्यासाठीच तो आहे. ज्याची रोजीच दुपारच्या उन्हात आहे, त्याला आपण काय सांगणार? मी आज त्याच्याबद्दल बोलणार आहे.

मी अकोल्यात जनरल प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे येणारे लोक म्हणजे हमाल, गवंडी, सेंट्रिंगवाले, हातगाडीवर फळं विकणारे बागवान, भंगार गोळा करणारे, रिक्षावाले, वेल्डर आणि आता पाठीवर मोठी बॅग घेऊन फिरणारी डिलिव्हरीची पोरं. त्यात आपले आहेत, बौद्ध वस्तीतले आहेत, मेळघाटातून कामाला आलेले आदिवासी आहेत. ऊन जात-धर्म पाहत नाही, असं आपण म्हणतो. ऊन पाहत नसेल. पण उन्हात कोणी उभं राहायचं, हे मात्र जात, धर्म आणि शाळा कितवीत सुटली हे पाहूनच ठरत आलं आहे.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कामगार उन्हाने मेला की आपल्याकडे म्हणतात, "लू लागली, नशीब." मचाणावरून पडला तर त्याला आपण अपघात म्हणतो, दोरी का नव्हती, हेल्मेट का नव्हतं असं विचारतो. उष्माघात हासुद्धा कामावरचा अपघात आहे. तो टाळता येतो. वेळेवर ओळखला तर माणूस वाचतो. आणि पाणी का नव्हतं, सावली का नव्हती, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आधी शरीराचं गणित समजून घेऊ. आपल्या शरीराचं आतलं तापमान साधारण ३७ अंश सेल्सियस असतं. कष्टाचं काम करताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिच्यातली बरीचशी उष्णता म्हणून बाहेर पडते. घमेलं उचलणाऱ्या माणसाच्या आत म्हणजे एक भट्टीच चालू असते. ही उष्णता बाहेर टाकण्याचे शरीराचे मार्ग मोजके. हवा कातडीपेक्षा थंड असेल तर हवेत सोडायची. पण बाहेर ४४ अंश असताना हवाच उलट शरीराला तापवते. मग उरतो घाम. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो उष्णता घेऊन जातो. उन्हात जड काम करणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. तेवढं पाणी परत मिळालं नाही की रक्त कमी पडतं, घाम कमी होतो आणि आतली भट्टी विझत नाही.

इथे पाऱ्याच्या आकड्याने फसायचं नाही. हवामान खातं जे तापमान सांगतं ते सावलीत, हवेशीर पेटीत मोजलेलं असतं. डांबराच्या रस्त्यावर, लोखंडी सळईजवळ, पत्र्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्याहून कितीतरी जास्त सोसावं लागतं. शिवाय हवा दमट असेल तर घाम वाळतच नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात लोक बसले होते. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना ३८ म्हणजे काहीच नाही असं वाटतं. तिथे सरकारी आकड्यानुसार १४ माणसं गेली. आणि ती काही घमेली उचलत नव्हती, बसलेली होती. म्हणून मुंबई, भिवंडी, रत्नागिरीच्या मित्रांनी 'आमच्याकडे कुठे ४५ होतं' असं समजून गाफील राहू नये.

आता ओळखायचं कसं? त्याच्या पायऱ्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे पेटके. पोटऱ्यांना, मांड्यांना, पोटाला गोळे येतात. मीठ-पाणी संपत आल्याची ही पहिली घंटा असते. लघवी गडद पिवळी होते, कधी दिवसभर होतच नाही.

दुसरी पायरी म्हणजे थकवा. पण रोजचा थकवा वेगळा आणि हा वेगळा. डोकं ठणकतं, चक्कर येते, मळमळ होते, घामाने अंग चिंब होतं, नाडी जोरात पळते. माणूस चिडचिडा होतो. विचारलं तर म्हणतो, "कुछ नहीं, जरा चक्कर आया था." हे 'कुछ नहीं' फार धोक्याचं. या पायरीवर माणसाला सावलीत नेलं, पाणी दिलं, तासभर पडू दिलं, तर तो बहुधा सावरतो. त्या दिवशी मात्र त्याला परत उन्हात पाठवायचं नाही. तासाभरात बरं वाटलं नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत, तर दवाखाना गाठायचा.

तिसरी पायरी म्हणजे उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदू गडबडतो. ही खूण पक्की लक्षात ठेवा: भान बिघडणं. माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो, शिव्या देतो, अंगावर येतो, नाव विचारलं तर भलतंच सांगतो. मग आकडी येते किंवा शुद्ध हरपते. पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं की उष्माघातात घाम येणं बंद होतं, कातडी कोरडी पडते. घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसात असं दिसतं. काम करणाऱ्या तरुणाला मात्र उष्माघात झालेला असतानाही घामाच्या धारा लागलेल्या असू शकतात. घाम येतोय म्हणून निश्चिंत राहू नका. त्याचं भान पाहा.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलाला दोघांनी मोटारसायकलवर मध्ये धरून माझ्याकडे आणलं. स्लॅबच्या कामावर होता. तिथे तो अचानक भांडायला लागला, मुकादमाला ढकललं. मुकादम म्हणाला, "पी के आया होगा," आणि त्याला उन्हातच बसवून ठेवलं. कोणीतरी म्हणालं, याला बाहेरचं काहीतरी लागलंय. म्हणून आधी एकाकडे फुंकर मारायला नेलं. यात तासाभराच्या वर वेळ गेला. माझ्याकडे आला तेव्हा ताप ४१ होता. पोरगा दारूला शिवणाराही नव्हता. आम्ही पाणी ओतत ओततच त्याला मोठ्या दवाखान्यात हलवलं. वाचला, पण मूत्रपिंडं सावरायला कित्येक दिवस लागले. त्याला मुद्दाम मारायला कोणीच निघालं नव्हतं. तिथे हजर असलेल्या दहा-बारा माणसांपैकी एकालाही ही खूण माहीत नव्हती, एवढंच. उद्या तुमच्यापैकी कोणी तिथे असेल तर त्याला ती माहीत असावी, म्हणून मी आज इथे उभा आहे.

आता करायचं काय? पहिला अर्धा तास सगळं ठरवतो. या वेळेचा नियम असा: आधी थंड करा, मग हलवा.

एकाने १०८ ला फोन लावायचा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत आहे. बाकीच्यांनी माणसाला सावलीत आणायचं, बूट, जाड शर्ट काढायचा आणि अंगावर भरपूर पाणी ओतत राहायचं, पुठ्ठ्याने, दुपट्ट्याने जोरात वारा घालायचा. बांधकामावर क्युरिंगचं पाणी असतंच, हौद किंवा ड्रम असतो. मानेपर्यंत पाण्यात बसवता आलं तर त्यासारखा दुसरा उपाय नाही, फक्त डोकं धरून ठेवायला एक माणूस हवा. हौद नसेल तर ताडपत्रीवर झोपवा, चौघांनी कडा उचलून धरा आणि आत पाणी-बर्फ टाका. बर्फ कुठे मिळेल? रसवंतीवर, मच्छीवाल्याकडे, सरबताच्या गाडीवर. बर्फ थोडाच असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघांमध्ये ठेवा.

काय करू नये, तेही सांगतो. शुद्ध नसलेल्या किंवा भान बिघडलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं यात वेळ घालवू नका. तापाची गोळी देऊ नका, हा त्या प्रकारचा ताप नव्हे, गोळीने तो उतरत नाही. आणि खिशात कांदा ठेवला की लू लागत नाही, ही समजूत तर सोडूनच द्या. कांदा भाकरीबरोबर खा, चांगला असतो. खिशात ठेवून त्याचा उपयोग नाही.

पण उष्माघात ओळखावाच लागू नये, हे जास्त महत्त्वाचं. त्यासाठी चार गोष्टी लागतात: पाणी, सावली, विश्रांती आणि सवय.

पाणी तहान लागल्यावर प्यायचं नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला. एकदम घटाघटा दोन लिटरही नको, तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नये. नुसत्या पाण्याबरोबर मीठही हवं, म्हणून ताक, लिंबूपाणी, कैरीचं पन्हं किंवा ओआरएस. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी मीठ-साखरेचं प्रमाण आणि आपल्या गोळ्या, विशेषतः लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या, याबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं.

पाण्याचाच एक भाग म्हणजे संडास. आपल्या बहिणी विटा वाहतात, भाजी विकतात, कचरा वेचतात. त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. का? लघवीला जायची जागा नाही म्हणून. बाईला 'पाणी पी' म्हणून सांगणं सोपं आहे. तिला आधी एक स्वच्छ संडास दाखवा, पाणी ती आपोआप पिईल.

विश्रांती म्हणजे कामचुकारपणा नाही. कडक उन्हात जड काम असेल तर पाऊण तास काम आणि पाव तास सावली, असा हिशेब ठेवावा. जड काम सकाळी लवकर आणि संध्याकाळी. दुपारी सळया कापणं, वाकवणं अशी कामं सावलीत.

सवय हा मुद्दा सर्वांत कमी माहीत असलेला आणि सर्वांत महत्त्वाचा. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. अमेरिकेत कामगार-सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेने नोंदवलं आहे की उन्हाने होणाऱ्या कामगार-मृत्यूंपैकी जवळपास निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी होतात आणि ७० टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. म्हणजे धोका कोणाला जास्त? नव्या पोराला. गावाहून कालच आलेल्याला. ईदची आठवडाभर सुट्टी घेऊन परत आलेल्याला. आजारातून उठलेल्याला. आणि आपल्याकडे नेमकं उलट होतं, नवा गडी म्हणून सर्वांत जड काम त्यालाच देतात. नियम असा हवा: पहिल्या दिवशी उन्हात पाचवा हिस्सा काम, मग रोज थोडं थोडं वाढवायचं. आणि त्याच्याबरोबर एक जुना माणूस जोडीला. उष्माघात झालेल्याला स्वतःला कळत नाही, जोडीदारालाच कळतो.

अजून एक, अंगदुखीच्या गोळ्या. संध्याकाळी अंग मोडून येतं म्हणून मेडिकलमधून दोन गोळ्या घ्यायच्या आणि सकाळी पुन्हा कामाला, हे मी रोज पाहतो. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडांवर घाव घालतात. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर, निकाराग्वा या देशांत उसाच्या फडातले हजारो तरुण मजूर मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडं निकामी होऊन मेले. उन्हातलं अतिकष्टाचं काम आणि वारंवार पाणी कमी पडणं ही त्याची मोठी कारणं मानली जातात. म्हणजे ऊन एका दिवसात मारतं तसं दहा वर्षांतही मारतं.

आणि रात्र विसरू नका. दिवसभर तापलेलं शरीर रात्री थंड व्हायला हवं. आपल्या वस्त्यांमधली घरं पत्र्याची. रात्री बारालाही पत्रा आग ओकत असतो. काम उन्हात आणि झोप पत्र्याखाली असेल, तर दुसऱ्या दिवशी माणूस आधीच थकलेला कामावर जातो. पत्र्याला बाहेरून पांढरा चुना मारला तरी फरक पडतो. खर्च थोडा, एका रविवारचं काम.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरसाहेब, हे सगळं ठेकेदाराला सांगा. रोजंदारीवरचा माणूस दर तासाला सावलीत बसला तर उद्या त्याला कामावर कोण घेईल? अंगावर घेतलेलं काम असेल तर बसल्याचे पैसेही मिळत नाहीत. बरोबर आहे. म्हणूनच हा प्रश्न नुसता आरोग्याचा नाही, हक्काचा आहे.

कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांमधले मामू, चाचा आखातात कामाला आहेत. त्यांना विचारा. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट ११ ते ४. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन. तिथे कामगारांचं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. तिथेही आपली आणि नेपाळची माणसं मेली आहेत, आणि ओरड झाल्यावरच नियम कडक झाले. पण नियम लिहिलेला आहे. आपल्याकडे मात्र इतक्या अंशांच्या वर उघड्यावरचं काम थांबवा, असं सांगणारा देशभराचा कायदा नाही.

तरी आपल्या हातात काहीच नाही असंही नाही. संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात कामाची परिस्थिती न्याय्य आणि माणुसकीची असावी, असं राज्याला सांगितलं आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने कामाच्या जागी पिण्याचं पाणी आणि प्रथमोपचार ही मालकाची जबाबदारी ठरवली. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत सामावला आहे, पण पाण्याची जबाबदारी मालकाचीच राहिली आहे. आणि प्रशासनाने मनावर घेतलं तर काय होतं, हे आमच्या अकोल्यानेच पाहिलं. २०२४ च्या मे अखेरीस पारा ४५ च्या पुढे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं. हे कलम आम्हाला दंगलीमुळे माहीत होतं. या वेळी ते उन्हासाठी लागलं. कामगारांना पाणी आणि पंखे द्या, शिकवण्या भर दुपारी घेऊ नका, असा आदेश निघाला.

अहमदाबादचं उदाहरण याहून मोठं. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले. तोवर ऊन ही मोजायची गोष्टच नव्हती. ते मृत्यू मोजल्यावर शहर जागं झालं. २०१३ मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा आला: आगाऊ इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, दुपारी उघड्या बागा. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तसे आराखडे केले. मोजलं म्हणून हे घडलं, हे लक्षात ठेवा.

आता तुमचं काम. मी पाचच गोष्टी मागतो.

एक. आपल्या मोहल्ल्यातून उन्हात कामाला कोण जातं, याची यादी करा. नाव, काम, वय, आजार. धर्म लिहू नका, गरज नाही.

दोन. मोहरममध्ये आपण सबील लावतो. तहानलेल्याला पाणी द्यायचं, तो कोण आहे ते विचारायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. ती दहा दिवसांवर का थांबावी? एप्रिल ते जून कामगार-नाक्यावर, बाजारात, रस्त्याच्या कामाजवळ सबील हवी. पाण्याबरोबर ओआरएसची पाकिटं ठेवा.

तीन. मशिदीचा व्हरांडा, जमातखाना, शादीखाना, समाजमंदिर दुपारी १२ ते ४ कोणालाही बसायला उघडं ठेवा. पाणी, पंखा आणि संडासासह, आणि बायकांसाठीही. विश्वस्तांशी बोला. पहिल्या बैठकीत नाही म्हणतील, तिसऱ्या बैठकीत हो म्हणतील.

चार. बांधकाम कामगारांची कल्याणकारी मंडळात नोंदणी करून द्या. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो मिळवण्यातच सगळे अडकतात. तुम्हाला फॉर्म भरता येतो, मोबाइल वापरता येतो, ते शिक्षण इथे वापरा.

पाच. उन्हात काम करताना कोणी दगावला, तर 'हार्ट फेल' लिहून घाईने दफन करू नका, अग्नी देऊ नका. शवविच्छेदनाला आपल्याकडे लोक बिचकतात, मी समजू शकतो. पण नोंद झाली नाही तर तो मृत्यू घडलाच नाही असं होतं. बायको-मुलांना मदत मिळत नाही आणि पुढच्या वर्षीही त्या जागी सावली येत नाही.

रोज्याबद्दल मला नेहमी विचारतात, म्हणून दोन वाक्यं. २०१६ ते २०१९ या वर्षांत रमजान मे-जूनमध्ये होता, आता तो थंडीकडे सरकला आहे, म्हणून हा प्रश्न काही वर्षं सौम्य राहील. मी मुफ्ती नाही, पण आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे, आणि जीव धोक्यात असताना रोजा सोडण्याबद्दल उलेमांमध्येही वाद नाही. त्यामुळे चक्कर येत असलेल्या रोजेदार मजुराला पाणी देताना कचरू नका.

इथून जाताना प्रत्येकाने दोन गोष्टी करा. १०८ हा नंबर फोनमध्ये साठवा. आणि उद्या सकाळी आपल्या गल्लीतून कामाला निघणाऱ्या एका तरी माणसाला ही एक खूण सांगा: साथीदार उन्हात वेडंवाकडं बोलायला लागला, तर तो प्यालेला नाही, त्याला उष्माघात झाला आहे, आधी पाणी ओत. एवढं एक वाक्य जरी नाक्यानाक्यावर पोचलं, तरी या उन्हाळ्यात काही घरांमधला कमावता माणूस संध्याकाळी परत येईल.